कारण सांगा, मग खातं बंद करा

वडखळहून अलिबागकडे जाताना धरमतरचा पूल लागतो. त्या रस्त्याच्या कडेला फलकच फलक दिसतात. एनए प्लॉट, फार्महाउस, एसी रूम्स, घरगुती जेवण... समजा, यातला एक फलक उद्या कुणीतरी उतरवला. मालक काय करेल? आधी ग्रामपंचायतीत जाईल, मग बांधकाम खात्यात. कुणाच्या सहीने उतरवला ते विचारेल. चार हेलपाटे होतील, आवाज चढेल, पण शेवटी समोर एक माणूस आणि एक कागद येतोच. कागदावर कारण असतं. पटो न पटो, त्याच्याशी भांडता येतं.

जालावरच्या फलकाचं तसं नाही. तिथे एक दिवस ईमेल येतो की तुमचं जाहिरात खातं धोरणभंगामुळे निलंबित केलं आहे. धोरणाचं नाव दिलेलं असतं, एक दुवा असतो आणि अपिलाचा फॉर्म असतो. नेमकी कुठली जाहिरात, कुठलं पान, कुठलं पेमेंट, हे बहुतेक वेळा नसतं. तुम्ही अपील करायचं, पण कशाविरुद्ध ते तुम्हीच ओळखायचं!

आता कुणी म्हणेल, खासगी कंपनी आहे, तिची मर्जी. पटत नसेल तर दुसरीकडे जाहिरात करा. पण दुसरीकडे म्हणजे कुठे? रस्ते-पूल होण्याआधीच्या काळात मुंबईहून बोटीने येणारा माणूस धरमतरला उतरायचा आणि तिथून गाडी धरून पुढे कोकणात जायचा. म्हणजे तो धक्का ज्याच्या हातात, त्याच्या हातात पुढचा सगळा रस्ता. आज शोधाचं पान हा तसाच धक्का झालाय. गिऱ्हाईक तिथेच उतरतं. तिथे तुमची पाटी नसेल तर तुमचं दुकान गावात असूनही नसल्यासारखं आहे.

पेणचंच उदाहरण घेऊ. पेण शहर आणि जवळची हमरापूर, जोहे ही गावं गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. काम बारा महिने चालतं, परदेशी जाणाऱ्या मूर्ती कित्येक महिने आधी रवाना होतात. पण किरकोळ गिऱ्हाईकाचा हंगाम मोजक्या आठवड्यांचा. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. समजा एखाद्या कारखानदाराने वेबसाइट काढली, गूगलवर जाहिराती सुरू केल्या आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात खातं बंद झालं. अपिलाचा निकाल सप्टेंबरात त्याच्या बाजूने लागला तर त्याने काय करायचं? गणपती पुढच्या वर्षी लवकर येतो, पण मागच्या वर्षीचा परत येत नाही.

बरं, कारण काय असू शकेल? ‘पर्यावरणपूरक मूर्ती’ हा शब्द खटकला असेल? पीओपीचे नियम २०२० पासून इतक्यांदा फिरलेत की काय लिहावं हा प्रश्न माणसालाही पडतो. कार्ड मेहुण्याच्या नावाचं होतं म्हणून पेमेंट संशयास्पद वाटलं असेल? स्वस्तात करून घेतलेली वेबसाइट कुणी हॅक केली असेल, आणि मालकाला त्याचा पत्ताच नसेल? की तालुक्यातला जो मुलगा एकाच लॅपटॉपवरून दहा कारखान्यांच्या जाहिराती चालवतो, त्याच्या दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाने घोळ घातला आणि यंत्रणेने सगळ्यांना एकाच माळेत ओवलं? प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा. वेबसाइट साफ करायची, की कार्ड बदलायचं, की शब्द बदलायचा? कारणच माहीत नसेल तर माणूस अंधारात दगड मारणार.

आणि अंधारातला सगळ्यात लोकप्रिय दगड म्हणजे नवं खातं काढणं. बायकोच्या नावाने, भावाच्या फोनवरून. गूगलच्या नियमांत हाच मोठा गुन्हा आहे. निलंबनानंतर दुसरं खातं उघडणं म्हणजे यंत्रणेला चकवा देणं, आणि त्यासाठी पूर्वसूचना न देता तेही खातं बंद होतं. म्हणजे पहिल्या वेळी निर्दोष असलेला माणूस घाबरून दुसऱ्या वेळी खरोखर दोषी ठरतो. कारण सांगितलं असतं तर ही वेळच आली नसती.

आता दुसरी बाजू. ती कच्ची अजिबात नाही. २०२३ साली गूगलने जगभरात १ कोटी २७ लाख जाहिरातदार खाती निलंबित केली. २०२४ मध्ये हा आकडा ३ कोटी ९२ लाखांवर गेला, त्यातली २९ लाख भारतातली. यातली बहुसंख्य खाती एकही जाहिरात दिसण्याआधीच पकडली गेली, असं कंपनीचं म्हणणं. नामवंतांचे बनावट व्हिडिओ दाखवून लोकांना गंडवणारी ७ लाखांहून जास्त खाती त्यात होती. ज्याच्या वडिलांचे पैसे असल्या जाहिरातीत बुडाले असतील, तो म्हणेल अजून बंद करा. मीही म्हणेन.

इतकी खाती माणसं तपासूच शकत नाहीत, प्रोग्रॅमच तपासणार. आणि आपल्यापैकी जे असली सॉफ्टवेअर लिहितात त्यांना माहीत आहे की शंभर टक्के अचूक असं काही नसतं. समजा हजारात एक चूक होते. कुठल्याही डेमोत टाळ्या मिळवणारा आकडा. पण २९ लाखांत हजारी एक म्हणजे २९०० धंदे, तेही एका वर्षात, एका देशात. (हजारात एक हे माझं गृहीतक आहे, कंपनीचा आकडा नाही.) यंत्राकडून चूक होणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. चूक होणारच हे माहीत असूनही चूक दाखवायची जागा आंधळी ठेवली, ही तक्रार आहे.

कारण लपवण्याच्या बाजूने नेहमीचा युक्तिवाद असा की नेमकं कारण सांगितलं तर चोर शिकतील. कुठल्या खुणेने पकडलं ते कळलं की पुढच्या वेळी ती खूण पुसतील. ज्याचा चेहरा दिसत नाही अशा माणसाबद्दल हे बरोबर आहे. पण गेल्या काही वर्षांत या कंपन्या जाहिरातदाराची ओळख पडताळून घेऊ लागल्यात. धंद्याची माहिती मागतात, सरकारी कागदपत्रं मागतात, नाव जुळतं का बघतात. म्हणजे पेणच्या त्या कारखानदाराने आपलं नावगाव, पत्ता सगळं देऊन टाकलंय. तो आता अनोळखी राहिलेला नाही. मग त्याला अनोळखी चोराच्या नियमाने का वागवायचं? ओळख पटवून घेतलीत ना? मग तिच्या बदल्यात कारण द्या. हा सौदा एकतर्फी चालणार नाही.

आणि हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे असं कृपा करून कुणी सांगू नये. खातं बंद होतं तेव्हा कुठल्या नियमाने, कुठल्या नोंदीवरून, किती वाजता, हे सगळं कुठल्यातरी लॉगमध्ये पडलेलं असतं. नसेल तर ती सिस्टिम लिहिणाऱ्याला कोड रिव्ह्यूमध्ये कुणीतरी उभं करायला हवं होतं. :-)

फ्रान्समध्ये हे भांडण थेट नियामकापर्यंत गेलं. रस्त्यावरच्या वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांची माहिती विकणारी नॅव्हएक्स नावाची छोटी कंपनी होती. २००९ च्या नोव्हेंबरात तिचं ॲडवर्ड्स खातं अचानक बंद झालं. जून २०१० मध्ये तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने गूगलला नियम स्पष्ट करायला आणि खातं पुन्हा चालू करायला सांगितलं. पुढे गिबमीडिया या दुसऱ्या कंपनीच्या तक्रारीवरून डिसेंबर २०१९ मध्ये त्याच प्राधिकरणाने गूगलला १५ कोटी युरोंचा दंड ठोठावला. आक्षेप काय होता? नियम असण्याला नव्हता. ग्राहकांचं रक्षण करणारे नियम करा, पण ते संदिग्ध आहेत आणि एकाला एक, दुसऱ्याला दुसरं असे लावले जातात, हा आक्षेप होता.

आपल्याकडेही असं प्रकरण झालंय. दुरून संगणक दुरुस्त करून देणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती गूगलने बंद केल्या, त्याविरुद्ध २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रारी गेल्या. जुलै २०१८ मध्ये आयोगाने गूगलच्या बाजूने निकाल देऊन प्रकरण बंद केलं. त्या धंद्यात फसवणुकीचा सुळसुळाट होता, मायक्रोसॉफ्टच्या बिंगनेही २०१६ साली अशा जाहिराती थांबवल्या होत्या. निकाल मला चूक वाटत नाही. पण त्यावरून आपल्याकडे खातं बंद झालं म्हणजे काहीतरी केलंच असेल, अशी समजूत व्हायला नको. धंदाच बदनाम असणं वेगळं आणि चांगल्या धंद्यातला एक माणूस जाळ्यात सापडणं वेगळं.

आता ज्याचं खातं खरोखर बंद झालंय त्याने काय करावं? माझ्या मते एवढं:

१. नवं खातं काढू नका. कुणाच्याही नावाने नाही.

२. लगेच अपील ठोकू नका. आधी वेबसाइट तपासून घ्या, कार्डवरचं नाव आणि धंद्याचं नाव जुळवा, खात्यात कुणाकुणाला प्रवेश दिलाय ते बघा. ओळख पडताळणी अर्धवट असेल तर पूर्ण करा.

३. अपिलात रडगाणं नको आणि धमकीही नको. काय विकता, कुठे विकता, पैसे कोण भरतं, काय तपासलं, काय दुरुस्त केलं, हे दहा ओळींत. ‘आम्ही कुठलाही नियम मोडलेला नाही’ या वाक्याने वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

४. प्रत्येक ईमेल, प्रत्येक स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा.

चौथा मुद्दा कशासाठी? २०२१ च्या आयटी नियमांमुळे कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागला आणि २०२३ साली त्यावर दाद मागायला सरकारी अपील समित्याही आल्या. पण त्या नियमांचा सगळा भर पोस्ट आणि मजकुरावर आहे, दुकानदाराच्या जाहिरातीवर नाही. दुसरं दार ग्राहक आयोगाचं. व्यापारी कामासाठी घेतलेल्या सेवेला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागत नाही, मात्र स्वयंरोजगारातून पोट भरण्यापुरतीच ती सेवा घेतली असेल तर अपवाद आहे. शिवाय तक्रारदाराला स्वतःच्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे हमरापूरच्या एकट्या कारागिराला निदान वाद घालायला धरमतरचा पूल ओलांडून अलिबागला जाता येईल. जिंकेलच असं मी म्हणत नाही. पण तिथे समोर माणूस असेल आणि कंपनीला कारण कागदावर द्यावं लागेल.

अर्थात हंगामाच्या माणसाला कोर्टाची तारीख हे उत्तर नव्हे. उत्तर पहिल्याच ईमेलमध्ये हवं. युरोपचा डिजिटल सर्व्हिसेस कायदा फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला. ऑनलाइन प्लॅटफॉर्मने कारवाई करताना स्पष्ट आणि नेमकं कारण द्यावं आणि तक्रारीचा निर्णय फक्त यंत्रावर सोडू नये, हे तत्त्व त्यात आहे. आपल्याला त्याहून जास्त काही नको. ओळख पटलेल्या जाहिरातदाराला कुठली जाहिरात किंवा कुठलं पान खटकलं ते सांगा. अपील माणसाने वाचावं आणि ठरलेल्या दिवसांत निकाल द्यावा. एकाच लॅपटॉपवरून चालतात म्हणून दहा कारखाने एकदम बंद करू नका.

गूगलची जाहिरात सेवा २०१८ साली मराठी शिकली. जाहिरात घेताना मराठी येतं, पैसे घेताना तर कुठलीच भाषा आड येत नाही. बंद करतानाही तिला दोन ओळींचं मराठी यायला हवं: अमुक पान, अमुक कारण. चोरालासुद्धा पोलिसाने सांगावं लागतं की कशासाठी पकडलं. मूर्तिकाराला निदान तेवढं तरी!