शुक्रवार दुपारचे बॅरिस्टर

शुक्रवारी दुपारी साडेतीननंतर आपल्या ऑफिसात काय चालतं ते मी सांगायला नको. कुणी गावाकडच्या बसच्या घाईत, कुणी 'सोमवारी बघू'च्या मूडमध्ये. शहाणा माणूस शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला हात लावत नाही. आपल्या लोकसभेने नेमकी हीच वेळ एका कामासाठी राखून ठेवली आहे. जे मंत्री नाहीत अशा खासदारांनी स्वतः लिहून आणलेली विधेयकं शुक्रवारच्या शेवटच्या अडीच तासांत चर्चेला येतात. त्या वेळी बरेच सन्माननीय सदस्य विमानतळाच्या वाटेवर असतात, हे ओघाने आलंच.

याला आपल्याकडे खासगी विधेयक म्हणतात. १९५२ पासून आजपर्यंत अशी किती विधेयकं दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झाली? १४. शेवटचं १९७० मध्ये. म्हणजे हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांच्या जन्माआधी. (त्या १४ मधलं एक फिरोज गांधींचं. संसदेत काय बोललं गेलं ते छापल्याबद्दल पत्रकारावर खटला होऊ नये, असा १९५६ चा कायदा. आणीबाणीत, १९७६ मध्ये, तो रद्द झाला. पंतप्रधान कोण होत्या ते तुम्हाला माहीत आहेच. १९७७ मध्ये जनता सरकारने परत आणला.)

पण आज मला त्या १४ बद्दल बोलायचं नाही. मला बोलायचंय ते मंजूर न झालेल्या एका विधेयकाबद्दल आणि ते आणणाऱ्या वकिलाबद्दल. बॅरिस्टर नाथ पै.

मी कळंबचा. आमच्या भागात वकील राजकारणात जाणं यात काही नवल नाही. वकीलसाहेब म्हणजे गावाचे कागद वाचून दाखवणारा माणूस. सातबारा, नोटीस, बँकेचं पत्र, सगळं त्यांच्याकडे. लोकांचे कागद वाचता वाचता लोक त्यांना निवडूनही देतात. जिल्ह्यातले भाई उद्धवराव पाटील असेच वकील. शेतकरी कामगार पक्षाचे, १९७७ ला शेजारच्या लातूरमधून लोकसभेत गेले. पहिल्या लोकसभेत तर जवळजवळ एक तृतीयांश सदस्य वकील होते. आता हा आकडा टक्क्यांत मोजला तर एक अंकी भरतो. नाथ पै त्या जुन्या परंपरेतले, पण त्यांची कथा जरा वेगळी आहे.

जन्म १९२२ चा, वेंगुर्ल्याचा. १९४२ च्या चळवळीत तुरुंग. मग लंडनला लिंकन्स इनमधून बॅरिस्टर. तिकडे युरोपात समाजवादी तरुणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. असा माणूस आज तिकडेच राहिला असता आणि दिवाळीला व्हिडिओ कॉल केला असता. हे परत आले आणि १९५७ ला राजापूर मतदारसंघातून प्रजासमाजवादी पक्षातर्फे लोकसभेत गेले. १९६२ ला पुन्हा, १९६७ ला पुन्हा. गोवा, बेळगाव, कोकणातली रेल्वे हे सगळे प्रश्न त्यांनी दिल्लीत मांडले. वक्ते म्हणून तर त्यांची ख्याती अशी की विरोधी बाकांवरचा माणूस बोलायला उभा राहिला की सत्ताधारीही ऐकत बसत. पण माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम भाषणांत नाही, त्या विधेयकात आहे.

आधी त्याची पार्श्वभूमी. २७ फेब्रुवारी १९६७ ला सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. पंजाबातल्या एका जमीनदार कुटुंबाची पाचशे एकरांवर जमीन, कमाल धारणेचा कायदा, आणि 'आमचा मालमत्तेचा मूलभूत हक्क' असा दावा. अकरा न्यायाधीश, निकाल सहा विरुद्ध पाच. मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करताच येणार नाही, असं सहा जणांनी ठरवलं. एका मताने!

समाजवादी माणसाला यात काय दिसलं असेल ते समजायला अवघड नाही. कोकणात खोती होती. आमच्याकडे निजामाच्या राज्यात जहागिरी होत्या. जमिनीचं फेरवाटप करायचं तर मालमत्तेच्या हक्काला कुठेतरी कात्री लागणारच. ती कात्री न्यायालयाने काढून घेतली. निकालानंतर दीड महिन्याच्या आत, एप्रिल १९६७ मध्ये, नाथ पैंनी विधेयक मांडलं. घटनेचा कोणताही भाग, मूलभूत हक्कांसकट, बदलायचा अधिकार संसदेला आहे हे स्पष्ट लिहा, एवढंच त्यांचं म्हणणं.

आता जरा आकडे बघा. ५२० जणांच्या लोकसभेत काँग्रेस २८३. प्रजासमाजवादी १३. तेरा! आणि घटनादुरुस्तीला हजर सदस्यांचं दोन तृतीयांश बहुमत लागतं. आपल्या भाषेत सांगायचं तर ज्याला रिपॉझिटरीत कमिट करायचा हक्क नाही, अशा माणसाने थेट कर्नलमध्ये बदल सुचवणारा पॅच पाठवला. असल्या पॅचचं काय होतं हे आपण जाणतो. कुणी उघडूनही बघत नाही.

इथे मात्र तो उघडला गेला. दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमली गेली, तिने १९६८ मध्ये अहवाल दिला, वर्तमानपत्रांत आणि वकिलांच्या वर्तुळात त्यावर जोरात वाद झाले. देशाने त्या विधेयकाला 'नाथ पै विधेयक' असं नावच देऊन टाकलं. सरकारने त्याला थेट विरोध केला नाही, पण रेटून मंजूरही करून घेतलं नाही. डिसेंबर १९७० ला लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक तिच्याबरोबर गेलं. १७ जानेवारी १९७१ ला नाथ पैंनी बेळगावात हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी भाषण केलं, आणि दुसऱ्या दिवशी हृदयविकाराने तिथेच गेले. वय ४८.

वर्षाच्या आत, १९७१ मध्येच, इंदिरा गांधींच्या सरकारने २४ वी घटनादुरुस्ती केली. गाभा तोच. खासगी दाराने जे आत येऊ शकलं नाही ते सरकारी दाराने आलं.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत दुसऱ्या एका बॅरिस्टरांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं होतं. विरोधी बाकांवरूनच. ते मंजूर झालं नाही. १९४९ मध्ये सरकारने कायदा करून खोती संपवली. (वतनांचंही तसंच. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचं विधेयक आणलं, आणि १९४१ मध्ये ते आमच्या जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला, महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले. तेव्हा हा भाग निजामाचा. विधेयक पाडलं तरी माणूस तो विषय सोडत नाही, तो असा.)

आता माझं स्पष्ट मत सांगतो, काही जणांना आवडणार नाही. नाथ पैंचं विधेयक चुकीचं होतं.

त्यांचा भरवसा होता की लोकांनी निवडलेली संसद लोकांचे हक्क खाणार नाही. ते गेल्यावर साडेचार वर्षांनी आणीबाणी आली. ३९ व्या दुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या कक्षेबाहेर काढायचा प्रयत्न केला. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने तर लिहूनच टाकलं की घटनादुरुस्तीला कोणत्याही कोर्टात आव्हान देता येणार नाही. आपल्याला वाचवलं ते १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने. सात विरुद्ध सहा, पुन्हा एका मताचा खेळ. संसद घटना बदलू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. म्हणजे नाथ पैंचं म्हणणं अर्धं मान्य झालं, आणि जे अर्धं अमान्य झालं त्याच्या आधाराने पुढे, १९८० मध्ये, ४२ व्या दुरुस्तीतली ती कलमं रद्द झाली.

मग चुकीच्या विधेयकावर एवढा वेळ कशाला घालवतोय मी? कारण विधेयक चुकीचं असलं तरी ते तपासण्याची पद्धत बरोबर होती. एका छोट्या पक्षाच्या खासदाराने वाद लेखी मांडला, सभागृहाने तो समितीकडे पाठवला, लोक तीन वर्षं भांडले. चूक असेल तर ती अशी उजेडात येते. ४२ वी दुरुस्ती आली तेव्हा विरोधकांतले कित्येक जण तुरुंगात होते. त्यात नाथ पैंच्या जागेवर राजापूरहून निवडून आलेले मधु दंडवतेही. त्यांना कुठे पकडलं माहितीये? बंगळुरात. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांच्याबरोबर. हे चौघे तिथे संसदीय समितीच्या बैठकीला गेले होते. समिती कशाची? पक्षांतरबंदी विधेयकाची.

तो कायदा शेवटी १९८५ मध्ये झाला, ५२ व्या दुरुस्तीने. हेतू चांगला होता, आयाराम-गयाराम थांबवायचे होते. ते कितपत थांबले हे महाराष्ट्राला २०२२ आणि २०२३ नंतर कुणी शिकवायला नको. व्हिप कुणाचा खरा, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. पण दुसरा परिणाम मात्र पक्का झाला. पक्षाच्या व्हिपविरुद्ध मत दिलं तर खासदारकी जाते. विश्वासदर्शक ठरावावर हे मी समजू शकतो. पण प्रत्येक विधेयकावर? मग कायदा वाचून आपलं मत बनवणारा खासदार आणि न वाचता बटण दाबणारा खासदार यांत फरक काय उरतो? व्हिप फक्त विश्वास-अविश्वास आणि पैशाच्या विधेयकांपुरता ठेवा, असं विधेयक मनीष तिवारींनी २०१० मध्ये आणलं होतं. तेही वकील, आणि तेही खासगी विधेयक. त्याचं काय झालं ते वरच्या १४ च्या आकड्यावरून ओळखा.

माझ्या या म्हणण्यावर गावाकडून नेहमी एकच प्रश्न येतो. "ते कायद्याबियद्याचं राहू दे, आमच्या रेल्वेचं काय?" प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे कळंब रोड नावाचं स्टेशन आहे, त्यातला 'रोड' हाच कळंबकरांच्या वाट्याला आलाय. खासदाराने रेल्वे मागावीच. नाथ पैंनीही मागितली होती. ती कोकणात १९९८ ला पूर्ण झाली, ते गेल्यावर २७ वर्षांनी.

पण कायदा तुमच्या गावाला येत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला आमच्या कळंबच्या कोर्टाबाहेर, चहाच्या टपरीवर न्या. १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. ३०२ चं १०३ झालं. चारसोबीस आता तीनशे अठरा. नव्या संहितांची विधेयकं आधी संसदीय समितीकडे गेली होती, हे मान्य. पण डिसेंबर २०२३ मध्ये ती मंजूर झाली तेव्हा दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित होते, आणि लोकसभेतली मंजुरी एका दिवशी, राज्यसभेतली दुसऱ्या दिवशी, आवाजी मतदानाने. दीडशे वर्षांहून जुनी दंड संहिता बदलली, आणि कोणत्या खासदाराने कोणत्या कलमाला हरकत घेतली असं विचारलं तर मला तरी चटकन एक नाव आठवत नाही. 'नाथ पै विधेयक' जसं लोकांना नावाने माहीत होतं, तसं काही नाहीच.

ओळखीच्या एका वकीलकाकांना मी फोनवर विचारलं, नवीन कलमं जमली का? म्हणाले, "जमवायलाच लागतेत की. जुन्या गुन्ह्याला जुनं कलम, नव्याला नवं. टेबलावर दोन्ही पुस्तकं ठेवलेत." मग थोडं थांबून म्हणाले, "काय रे, हे पास केलं तवा आपला माणूस काय बोलला तिथं?"

लोकसभेतल्या चर्चा संसदेच्या संकेतस्थळावर शब्दन् शब्द मिळतात. मी त्यांना शोधून पाठवतो म्हटलंय.