निकालपत्र नदीकाठी पोहोचले पाहिजे

ऑगस्ट २०१७ मध्ये पनवेलजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीतील काही भटक्या कुत्र्यांची छायाचित्रे जगभरच्या वृत्तपत्रांत झळकली. त्या कुत्र्यांचा रंग निळा झाला होता. एका कारखान्यातील रंगद्रव्याचा तो प्रताप होता. प्राणिप्रेमींनी तक्रार केली, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना बंद करण्याचा आदेश दिला आणि यथावकाश बातमी मागे पडली. कुत्र्यांचा रंग डोळ्यांना दिसला म्हणून निदान बोभाटा तरी झाला. याच वसाहतीलगत वाहणाऱ्या कासाडी नदीचे पाणी मात्र वर्षानुवर्षे नासत आले आहे. त्या पाण्याची झळ प्रथम पोहोचते ती खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याला आणि काठच्या गावांना. त्यांची छायाचित्रे जगात कुठे छापून येत नाहीत.

या नदीसाठी पनवेलचे नगरसेवक अरविंद म्हात्रे राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. २०१८ मध्ये लवादाने या प्रकरणात लक्ष घातले, समिती नेमून पडताळणी करविली आणि वसाहतीच्या सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर पर्यावरणीय भरपाईचा भार टाकला. पनवेलच्या एका लोकप्रतिनिधीला असा दरवाजा ठोठावता आला, ही गोष्ट साधी नाही. हा दरवाजा कसा उभा राहिला, हे पाहिले म्हणजे पर्यावरणाच्या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय सहकार्याचे मोल कळते आणि त्याची मर्यादाही ध्यानात येते.

१९७२ साली स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. त्यानंतर भारतात १९७४ चा जलप्रदूषण कायदा आला, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने पर्यावरणरक्षण हे राज्याचे व नागरिकांचे कर्तव्य म्हणून घटनेत नोंदले गेले आणि १९८१ मध्ये हवेसाठी कायदा झाला. भोपाळच्या वायुकांडाने देश हादरल्यावर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा अवतरला. १९९२ च्या रिओ परिषदेने पुढचे पाऊल टाकले. बाधितांना माहिती मिळावी, निर्णयात सहभाग मिळावा आणि न्यायासाठी दाद मागता यावी, हे तत्त्व तेथे मान्य झाले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील चर्मोद्योगांच्या प्रदूषणासंबंधीच्या खटल्यात 'प्रदूषण करील तो भरपाई देईल' आणि 'हानी होण्याआधीच खबरदारी' ही दोन्ही तत्त्वे भारतीय कायद्याचा भाग असल्याचे स्पष्ट केले. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने १९८० मध्येच पर्यावरणासाठी स्वतंत्र न्यायालय स्थापले होते. त्याचा व न्यूझीलंडच्या पर्यावरण न्यायालयाचा अभ्यास भारताच्या विधी आयोगाने २००३ च्या आपल्या १८६ व्या अहवालात केला. त्याच वाटेने २०१० मध्ये राष्ट्रीय हरित लवादाचा कायदा संमत झाला. त्याच्या प्रस्तावनेत स्टॉकहोम व रिओ या दोन्ही परिषदांचा उल्लेख आहे. लवादाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आले आणि कासाडीकाठच्या माणसाला दाद मागण्यासाठी घाट चढून पुण्यास जाणे शक्य झाले.

म्हणून पर्यावरणाचा कायदा म्हणजे पश्चिमेकडून लादलेले जोखड, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. हा विचार या मातीला परकाही नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याची नीती सांगितली आहे. आंबा-फणसाची झाडे उपयोगाची असली तरी रयतेने ती लेकरासारखी वाढविलेली असतात, तेव्हा त्यांना हात लावू नये. एखादे जीर्ण झाड घ्यावयाचेच तर धन्याला राजी करून आणि मोल देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. बाधिताची संमती आणि हानीचा मोबदला या दोन्ही गोष्टी त्यात आल्या. जगाने विसाव्या शतकात ज्याला कायद्याचे रूप दिले, त्याचे भान स्वराज्याच्या राज्यकर्त्यांना होते. परक्याकडून चांगले घेण्यात कमीपणा नाही. आपले विसरण्यात मात्र आहे.

शिवाय ही देवघेव एकतर्फी राहिलेली नाही. न्यायालयाने एकदाच आदेश देऊन मोकळे न होता, आदेश अमलात येईपर्यंत प्रकरणावर लक्ष ठेवावे, ही पद्धत भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विनीत नारायण खटल्यात रुजविली. फिलिपीन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मनिलाचा उपसागर स्वच्छ करण्याचा आदेश देताना या भारतीय पद्धतीचाच आधार घेतला आणि २०१० मध्ये तिला आपल्या न्यायालयीन नियमांत स्थान दिले. त्याच वर्षी आशियाई विकास बँकेच्या पुढाकाराने आशियातील न्यायाधीश मनिलात एकत्र आले आणि पर्यावरणीय न्यायासाठी त्यांच्यातील संपर्काची घडी बसू लागली. भारत या पंक्तीत घेणाराही आहे आणि देणाराही.

आंतरराष्ट्रीय करार प्रत्यक्षात कसा उपयोगी पडतो, याचा दाखलाही पनवेलच्या परिसरातच आहे. न्हावा-शेवा बंदरात वंगणतेलाच्या नावाखाली आयात झालेल्या मालाचे १३३ कंटेनर पडून होते. तपासणीत ते तेल घातक टाकाऊ पदार्थ असल्याचे निष्पन्न झाले. अशा कचऱ्याची देशोदेशीची वाहतूक रोखण्यासाठी १९८९ मध्ये बासल करार झाला आणि १९९२ मध्ये भारत त्यात सहभागी झाला. श्रीमंत देशांनी आपली घाण गरीब देशांच्या दारात टाकू नये, हे या करारामागील एक प्रमुख कारण होते. ५ जानेवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते तेल जाळून नष्ट करावे आणि त्याचा खर्च आयातदारांनी सोसावा, असा आदेश दिला. येथे करार, प्रयोगशाळेची तपासणी, न्यायालय आणि पैसे कोणी द्यायचे याचा निश्चित निर्णय, या चारही गोष्टी जुळून आल्या. म्हणून कायद्याला धार आली.

कासाडीच्या बाबतीत प्रश्न उभा राहतो तो नेमका येथे. कायदे कमी नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१९ च्या अहवालात जगाचेच चित्र मांडले: १९७२ पासून पर्यावरणविषयक कायदे ३८ पटींनी वाढले, परंतु त्यांची अंमलबजावणी तोकडीच राहिली. ऑगस्ट २००२ मध्ये जोहान्सबर्ग येथे जमलेल्या विविध देशांच्या न्यायाधीशांनी या रोगाचे एक प्रमुख कारण सांगून ठेवले होते. पर्यावरणीय कायद्याविषयी पुरेसे ज्ञान, कौशल्य आणि माहिती नसणे, हे ते कारण. निदान होऊन दोन दशके उलटली, औषधाची पुडी मात्र अजून पूर्ण उघडलेली नाही.

भारतापुरते बोलायचे तर दोन उणिवा ठळक आहेत. पहिली मनुष्यबळाची. हरित लवादात किमान १० न्यायिक आणि १० तज्ज्ञ सदस्य असावेत, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात २०१८ च्या सुमारास सदस्यांअभावी पुण्यासह प्रादेशिक खंडपीठांचे काम थंडावले आणि पुण्याची प्रकरणे दिल्लीहून दूरदृश्य पद्धतीने ऐकण्याची वेळ आली. न्याय दाराशी आणण्यासाठी स्थापलेले खंडपीठ रिकाम्या खुर्च्यांनी ओस पडावे, हे कोणत्याही सरकारला भूषणावह नाही. दुसरी उणीव अंमलबजावणीची. जनविश्वास कायद्याने २०२३ मध्ये पर्यावरण संरक्षण कायद्यातील तुरुंगवासाची शिक्षा वगळून १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद केली. प्रामाणिक उद्योजकाच्या मानेवरची टांगती तलवार दूर करणे समजण्यासारखे आहे. परंतु दंड ठरविणारा अधिकारी तत्पर नसेल, तर काही लाखांचा दंड हा बड्या कारखान्याच्या लेखी व्यवसायाचा किरकोळ खर्च ठरेल. या दृष्टीने सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ च्या निर्णयाचे महत्त्व आहे. जलप्रदूषण व वायुप्रदूषण कायद्यांखाली हानीची भरपाई वसूल करण्याचा अधिकार प्रदूषण नियंत्रण मंडळांना आहे, असे न्यायालयाने त्यात मान्य केले. आता अधिकार नाही, ही सबब मंडळांना उरलेली नाही.

आंतरराष्ट्रीय सहकार्याचा रोख यापुढे या दोन उणिवांकडे वळला पाहिजे. परिषदा पुष्कळ झाल्या, घोषणापत्रांवर सह्याही झाल्या. आता हवे आहे ते न्यायालयात टिकेल असा पाण्याचा नमुना घेणारे प्रशिक्षित हात, विश्वासार्ह प्रयोगशाळा, हानीचे मूल्य रुपयांत मांडण्याची शास्त्रशुद्ध रीत आणि जिल्हा पातळीपर्यंतच्या न्यायाधीशांचे शिक्षण. जे देश या कामांत पुढे आहेत, त्यांच्याकडून हे मागून घ्यावे आणि भारताने मिळविलेला अनुभव इतरांना द्यावा. मात्र कायदा कोणता करायचा, विकासाचा वेग किती ठेवायचा, हा निर्णय भारताच्या संसदेचाच राहिला पाहिजे. शतकभर धूर ओकून समृद्ध झालेल्या देशांकडून कौशल्य घ्यावे. उपदेश ऐकताना त्यांच्या इतिहासाचे स्मरण ठेवावे.

हे सारे सरकारवर सोपवून नागरिकांना स्वस्थ बसता येणार नाही. खाडीचे पाणी शेवटी एकमेकांत मिसळते. ठाण्याची खाडी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमी म्हणून रामसर यादीत गेली, त्याच खाडीला पनवेलची खाडी मिळते. तेव्हा कासाडीतील घाण ही आता चार गावांची तक्रार राहिलेली नाही. जगाला दिलेल्या शब्दाचा तो प्रश्न आहे. हरित लवादाकडे पर्यावरणीय वाद नेण्यास साधारणपणे सहा महिन्यांची, तर भरपाईच्या अर्जास पाच वर्षांची मुदत असते, ही साधी गोष्टही पुष्कळांना ठाऊक नसते. तारीखवार नोंदी नाहीत, अर्जाची पोच जपलेली नाही, म्हणून खरी तक्रारही न्यायालयात लटकी पडते. शाखा, ग्रामविकास मंडळे, महिला मंडळे, निवृत्त प्राध्यापक आणि वकील यांनी आपापल्या भागातील एकेका ओढ्याची, नदीची अशी नोंद ठेवण्याचे व्रत घेतले, तर त्याहून मोठी देशसेवा कोणती? रसायनशास्त्राचा एक शिक्षक आणि कायदा जाणणारा एक वकील पाठीशी उभा राहिला, तर कोळीवाड्यातील माणसाच्या म्हणण्याला पुराव्याचे बळ येते.

स्टॉकहोमपासून पुण्यापर्यंत कायदा आला, त्याला जवळजवळ चार दशके लागली. पुण्याहून कासाडीच्या काठापर्यंतचे अंतर त्या मानाने फारच थोडे आहे. ते कापण्यासाठी नव्या आंतरराष्ट्रीय कराराची वाट पाहण्याचे कारण नाही. दिलेल्या आदेशाची तारीख, वसूल झालेली रक्कम आणि नदीच्या पाण्याची ताजी तपासणी, या तीन गोष्टी प्रशासनाने दर महिन्याला लोकांसमोर मांडाव्यात. त्या मांडल्या जात नाहीत तोवर विचारत राहणे, हे पनवेलकरांचे काम आहे.