नावे-जमा कळते त्याला घटनाही कळते



आपल्या अंकात राज्यघटनेवर सोप्या भाषेत लेखमाला सुरू करावी, अशी सूचना काही सभासदांनी केली आणि लगेच आक्षेपही आला. सामान्य माणसाला रस्ता, पाणी, शाळेची फी कळते. हक्क, सार्वभौमत्व, अल्पसंख्याक या गोष्टी त्याच्या डोक्यावरून जातात, त्या जाणकारांवर सोपवाव्यात, असे म्हणणे पडले. आक्षेप घेणारे आपलेच आहेत, त्यांचा हेतूही वाईट नाही. पण तो मान्य केला तर सगळे निर्णय कायम चौघेच घेणार. म्हणून उत्तर देणे भाग आहे.

आक्षेपाला काहीच आधार नाही, असे आम्ही म्हणत नाही. १९३१-३२ साली अलेक्झांडर लुरिया या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञाने उझबेकिस्तानातील निरक्षर शेतकऱ्यांना एक कोडे घातले. दूर उत्तरेला, जिथे बर्फ असते, तिथली सगळी अस्वले पांढरी असतात. नोवाया झेमल्या हा द्वीपसमूह दूर उत्तरेला आहे. तर तिथल्या अस्वलांचा रंग कोणता? शेतकरी म्हणाले, आम्ही तिकडे गेलो नाही, पाहिले नाही, कसे सांगणार? यावरून त्यांना अमूर्त विचार जमत नाही असे म्हणता येईल. पण त्याच भागातील ज्यांचे थोडेसे शिक्षण झाले होते किंवा जे सामुदायिक शेतीच्या कामात पडले होते, त्यांनी उत्तर सहज दिले. माणसे त्याच मातीतली होती. म्हणजे ही जन्मजात देणगी नव्हे, सवय आहे. आणि न पाहिलेल्या गोष्टीची ग्वाही न देणाऱ्या शेतकऱ्याला आम्ही तरी निर्बुद्ध म्हणणार नाही.

आमचा जन्म बँकेच्या खातेवहीत गेला. नवा दुकानदार काउंटरवर येतो तेव्हा एका गोष्टीने हमखास गोंधळतो. त्याने भरलेले शंभर रुपये तो आपल्या वहीत बँकेच्या नावे लिहितो. तेच शंभर आमच्या वहीत त्याच्या जमेला असतात. त्याचे येणे ते आमचे देणे. रक्कम एक, बाजू उलट. ही गोष्ट हातात धरून दाखवता येत नाही, डोक्यातच उभी करावी लागते. सातवी पास माणूस दोन-तीन महिन्यांत ती शिकतो, कारण पैसा त्याचा असतो आणि वही रोज उघडावी लागते.

राजकारणातही हेच घडलेले आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेला गेलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी १९२९ च्या आपल्या अहवालात प्रौढ मताधिकार मागितला. निरक्षर म्हणजे बुद्धिहीन नव्हे, आणि साक्षर झाला म्हणून कोणी आपोआप शहाणा होत नाही, असे त्यांनी बजावले. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. तरी १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार नोंदले गेले, चिन्हांवर निवडणूक पार पडली आणि देश बुडाला नाही.

राजस्थानचे उदाहरण त्याहून बोलके आहे. १९९४ पासून तिथल्या खेड्यांत मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावण्या भरवल्या. दुष्काळी कामांची हजेरीपत्रके गावापुढे वाचली जाऊ लागली, तसे न केलेल्या कामाचे खोटे हिशेब उघड होऊ लागले. सुरुवात माझी मजुरी कुठे गेली या प्रश्नापासून झाली. त्यातून पुढचा प्रश्न आला : पैसा जनतेचा, तर त्याचा कागद सरकारचा कसा? १९९६ साली ब्यावरला या मागणीसाठी चाळीस दिवस धरणे धरले गेले. पुढे देशभर चळवळ झाली आणि २००५ साली माहितीचा अधिकार कायदा झाला. राज्य आणि नागरिक यांच्या नात्याचे हे तत्त्वज्ञान मजुरीच्या हिशेबातून पुढे आले.

आता आपल्या घरात येऊ. घटनेचे कलम ३५० क सांगते की, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्याने सोय करावी. मराठी शाळेचे वर्ग ओस पडू लागले की आपण सगळे हळहळतो. हळहळ वेगळी, हक्क वेगळा. हक्क म्हणायचा तर खातेवहीसारखी बाजू उलटून पाहावी लागते. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, अल्पसंख्याक कोण हे राज्यनिहाय पाहायचे. म्हणजे गुजरातेत आपण अल्पसंख्याक, तर महाराष्ट्रात गुजराती, कानडी, तेलुगू. आपण बडोद्यात जे मागतो, तेच मुंबई-सोलापुरात दुसऱ्याने मागितले तर देऊ का? देऊ म्हटले तर आपली मागणी हक्काची. नाही म्हटले तर ती नुसती ओढाताण.

राजकीय विचारातली अवघड पायरी हीच. ती चढायला पदवी लागत नाही. स्वतःचा स्वार्थ क्षणभर बाजूला ठेवावा लागतो. तिथे विद्वानही अडखळतात, आणि दोन घरचे हिशेब सांभाळणारी गृहिणी कधी कधी त्यांच्या पुढे जाते.

एक मात्र खरे की हे आपोआप होत नाही. वेळ हवा, कागद हवा, शब्द समजावून सांगणारा हवा, आणि चुकीचा प्रश्न विचारला तरी कोणी हसणार नाही अशी बैठक हवी. म्हणून लेखमाला पुढील अंकापासून सुरू करीत आहोत. पहिला लेख कलम ३५० क वरच असेल. आक्षेप घेणाऱ्यांनीही तो वाचावा, आणि जे कळले नाही ते आम्हाला बेधडक लिहून कळवावे. उत्तर देणे आमच्याकडे लागले.