नगरलक्ष्मी आणि क्रीडागार

मोठें क्रीडागार बांधलें कीं शहराला बरकत येते, हा समज इतका दृढ झाला आहे कीं त्याचें प्रमाण विचारणारा मनुष्य खेळाचा वैरी ठरतो. आमचा वाद खेळाशीं नाहीं; खेळाच्या नांवानें मांडल्या जाणाऱ्या हिशेबाशीं आहे.

हा हिशेब कॅनडांतील मॉन्ट्रियल शहरानें पुरता करून दाखविला आहे. १९७६ सालीं तेथें ऑलिंपिक सामने भरले. नगराध्यक्ष झां द्रापो यांनीं आधींच ग्वाही दिली होती कीं, पुरुषाला मूल होणें जितकें अशक्य, तितकेंच या सामन्यांत तूट येणें अशक्य. सामने झाले, खेळाडू परतले, आणि तूट जन्मास आली! क्रीडागाराचा मनोरा उद्घाटनाच्या दिवशीं अर्धवटच उभा होता. तो पुरा व्हावयास १९८७ साल उजाडलें. कर्ज फेडण्यासाठीं क्वेबेक सरकारनें तंबाखूवर खास कर बसविला, आणि तें कर्ज २००६ च्या अखेरीस फिटलें. म्हणजे तीस वर्षें, ज्यानें जन्मांत एकहि शर्यत पाहिली नाहीं असा गोदींतला हमाल सिगारेट शिलगावतांना त्या वास्तूचा हप्ता भरीत होता.

पुरस्कर्ते म्हणतात, पण पैसा गांवांतच फिरला ना? गवंड्याला मजुरी मिळाली, खाणावळी भरल्या! मजुरी मिळाली हें खरें. पण तीच मजुरी शाळा किंवा इस्पितळ बांधूनहि मिळाली असती, आणि मागें रोज उपयोगी पडणारी वस्तु राहिली असती. खाणावळींचा भ्रम अधिक मोहक आहे. आपल्या घरचाच विचार करावा. चौघांचें कुटुंब रविवारीं सामन्याला गेलें, तर त्या महिन्यांत नाटकाला जात नाहीं. करमणुकीसाठीं बाजूला काढलेली रक्कम तीच, फक्त ती दुसऱ्या दारीं जाते. नाट्यगृहाशेजारच्या चहावाल्याचा तोटा कोणी मोजीत नाहीं. क्रीडागारापुढच्या चहावाल्याचा नफा मात्र अहवालांत छापला जातो. बाहेरगांवचा पाहुणा खरोखर नवा पैसा आणतो, हें आम्ही मान्य करतों. पण तो राहतो किती दिवस? अमेरिकेंतील अर्थशास्त्रज्ञांचें एरवीं आपसांत जमत नाहीं. परंतु सरकारी पैशानें बांधलेलीं क्रीडागारें शहराला आपला खर्च परत मिळवून देत नाहींत, याविषयीं त्यांचें बहुतांशीं एकमत आहे.

मॉन्ट्रियलचें पुढें काय झालें तेंहि ऐकण्यासारखें आहे. तेथें १९७७ पासून खेळणारा एक्स्पोज हा बेसबॉल संघ २००४ च्या हंगामानंतर वॉशिंग्टनला निघून गेला. भाडेकरू गेला, घर राहिलें. १९९८ सालीं घातलेलें छत पहिल्याच हिवाळ्यांत बर्फाच्या भारानें फाटलें. २०२४ सालीं सरकारनें आणखी एका नव्या छतासाठीं ८७ कोटी कॅनडी डॉलर जाहीर केले. कारण काय, तर इमारत पाडावयाची म्हटलें तरी सुमारें २०० कोटी लागतील! दारींचा हत्ती पोसणें महाग आणि पुरणें त्याहूनहि महाग.

२०३६ चें ऑलिंपिक भरविण्याची इच्छा भारतानेंहि २०२४ च्या ऑक्टोबरांत लेखी कळविली आहे. ज्यांना भव्य क्रीडागार हवें असेल त्यांनीं तें हौस म्हणून मागावें आणि हौसेचा खर्च म्हणूनच करदात्यापुढें मांडावें. आम्ही कदाचित् अनुकूल मतहि देऊं. पण त्याला कमाईचें साधन म्हणणाऱ्यानें, तिसाव्या वर्षीं छताचे पैसे कोण भरणार, तें आधीं लिहून द्यावें.