जुन्या जीपला जस्त द्या, पण बिलावर खरे नाव लिहा

कोकणच्या पावसाळ्यात लोखंड राखणे सोपे काम नाही. रायगड जिल्ह्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस होतो. त्यात बिरवाडीच्या शेजारीच महाडची औद्योगिक वसाहत, आणि तिथे रासायनिक कारखाने. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेले तेव्हा कितीतरी वाहनांत गाळ शिरला. वरचा गाळ धुऊन निघतो, पण चॅसीच्या पोकळीत बसलेला गाळ वर्षानुवर्षे ओल धरून ठेवतो. अशा मुलखात जुनी जीप नव्याने उभी करायची तर इंजिनाच्या आधी गंजाचा विचार करावा लागतो.

अशा जुन्या जीपगाड्यांची हौस अलीकडे वाढली आहे. एके काळी घाटातल्या वाड्यांवर माणसे आणि माल पोचवणाऱ्या गाड्या आता हौशी मंडळी चांगले पैसे मोजून पुन्हा उभ्या करून घेतात. या गाडीचा इतिहास फार थोड्यांना ठाऊक असतो. १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम महंमद यांनी 'महिंद्रा अँड महंमद' ही पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले व तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले आणि याच कंपनीने पुढे विलिस जीपची जुळणी मुंबईत सुरू केली. गॅरेज, वेल्डिंग, डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात आपले कारागीर बरेच आहेत. तेव्हा हे नवे काम त्यांच्या दारी येणारच. ते कसे करावे, याबद्दल चार शब्द सांगायचे आहेत.

आजवरची रीत अशी की सडलेल्या जागी पत्रा लावायचा, वर लांबी भरायची, रेड ऑक्साईड आणि रंग मारायचा, आणि पावसाळ्यापूर्वी खालून जळके ऑइल. दोन पावसाळ्यांत रंगाखालून गंज पुन्हा वर येतो. आता ग्राहक शहाणा झाला आहे. तो म्हणतो, "मिस्त्री, पार्ट गॅल्वनाइज करून द्या." इथेच गडबड सुरू होते, कारण बाजारात या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली, हॉट डिप. यात पार्ट सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. जस्त लोखंडाशी एकजीव होऊन त्याचे थर बसतात. तीनेक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर साधारण ५५ ते ७० मायक्रॉन जस्त चढते, आणि ते पोकळीच्या आतही पोचते. दुसरी, झिंक प्लेटिंग. विजेच्या टाकीत चढवलेला हा चकचकीत पांढरा किंवा पिवळा मुलामा बहुधा ५ ते १२ मायक्रॉनचा असतो. तिसरी, डब्यातला किंवा स्प्रेचा झिंक रंग, ज्याला 'कोल्ड गॅल्वनायझिंग' म्हणतात. तो चांगला असला तरी शेवटी रंगच.

फरक किती पडतो याचा हिशेब करून पाहा. दमट आणि कारखानदारीच्या हवेत जस्त वर्षाला २ ते ४ मायक्रॉन झिजते असे धरतात. म्हणजे ८ मायक्रॉनची प्लेटिंग दोन ते चार वर्षांची सोबतीण, तर ७० मायक्रॉनचे हॉट डिप सतरा वर्षांपासून तीसच्या पुढे जाणारे. चिखल आणि दगडांच्या माराने दोन्ही आकडे खाली येतील, पण प्रमाण तेच राहील. शिवाय ओरखडा पडला तरी शेजारचे जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. हा गुण साध्या रंगात नाही.

हे तंत्र आपल्याला परके नाही. कल्हईवाला भांडे घासून, तापवून, नवसागर टाकून कथील फिरवतो, तेव्हा नवसागर धातूचा पृष्ठभाग साफ करतो म्हणून कथील धरते. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. गॅल्वनायझिंगच्या कारखान्यातही पार्ट आधी तेलकटपणा काढून, हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये धुऊन, झिंक अमोनियम क्लोराइडच्या पाण्यातून काढतात आणि मग जस्तात सोडतात. कल्हईचा नियम इथेही लागू आहे. भांडे नीट घासले नाही तर कल्हई धरत नाही, तसे जुना रंग, लांबी, डांबर किंवा वेल्डिंगची राख राहिली तर तिथे जस्त धरत नाही. ॲसिडने रंग निघत नाही. त्यासाठी आधी सँडब्लास्टिंग करावे लागते. हे ॲसिडचे काम परसात करून नाल्यात पाणी सोडण्याचा मोह मात्र कोणी करू नये. तो नाला शेवटी आपल्याच नदीला मिळतो.

सगळेच पार्ट जस्तात घालायचे नसतात. कमानीचे पाटे, टॉर्शन बार, १०.९ किंवा त्याहून वरच्या ग्रेडचे बोल्ट ॲसिडपासून लांब ठेवावेत. कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होते आणि भर रस्त्यात तुटते. बॉडीचा पातळ सपाट पत्रा उष्णतेने वाकतो. ब्रेकचे भाग, बेअरिंगच्या जागा, अचूक मापाचे भाग यांनाही हे काम चालत नाही. चॅसी, बंपर, क्रॉस मेंबर, ब्रॅकेट, पायदान, टपाची चौकट हे हॉट डिपचे खरे मानकरी. लहान स्क्रू-वॉशरला प्लेटिंग पुरते, पण ती प्लेटिंग आहे असे सांगून.

चॅसी पाठवण्यापूर्वी मिस्त्रीची खरी परीक्षा असते. जिथे चॅनेलला पट्टी लावून बंद पेटी केली आहे, तिथे हवा निघायला आणि जस्त वाहायला भोके हवीतच. बंद पोकळीत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन ती टाकीत फुटू शकते, आणि तिथे काम करणाऱ्या मजुराचा जीव जाऊ शकतो. रिव्हेट मारलेल्या दुहेरी पट्ट्यांत ॲसिड शिरते आणि पुढे तपकिरी ओघळ बनून बाहेर येते. अशा जागा उघडून, साफ करून, कडेने वेल्ड करून घ्याव्यात, आणि झाकलेली जागा मोठी असेल तर तिथेही भोक ठेवावे. सगळे वेल्डिंग आधी संपवावे. नंतर वेल्ड करायचे झाल्यास तिथले जस्त घासून काढावे, कारण जस्ताच्या धुराने वेल्डरला थंडी-ताप भरतो. चॅसीची तिरकी मापे आधी आणि नंतर घेऊन वहीत लिहावीत. नट बसण्याच्या आट्यांत जस्त भरते, त्यांना पुन्हा टॅप फिरवावा लागतो.

चॅसी नंबरची काळजी मात्र सगळ्यांत आधी घ्यावी. जस्ताने तो बुजू शकतो. आधी पेन्सिलने ठसा व फोटो घ्यावा, आणि ती जागा झाकून कशी ठेवायची ते कारखान्याशी बोलून घ्यावे. २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते. पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. म्हणजे मूळ चॅसी वाचवण्याला आता कायद्यानेही किंमत आली आहे.

कोणी म्हणेल, मुळात जीपला जस्त नव्हतेच, मग ही भेसळ कशाला? ब्रिटनमधल्या लँड रोव्हरचे पाहा. तिची बॉडी ॲल्युमिनियमची, पण चॅसी लोखंडी, आणि गंजते ती चॅसीच. १९४८ च्या सुरुवातीच्या चाचणी गाड्यांपैकी काहींची चॅसी गॅल्वनाइज केलेली होती. पुढे कारखान्याने ते सोडले. आज तिथले कारागीर जुन्या गाड्यांना गॅल्वनाइज चॅसी लावून धंदा करतात. चकाकी नको असेल तर वर एच प्रायमर देऊन मूळ रंग मारता येतो. मात्र जस्तावर थेट साधा इनॅमल मारू नये, तो पापुद्रे होऊन सुटतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा. काम किलोवर होते आणि मोठी टाकी असलेले कारखाने मुंबई-ठाण्याच्या बाजूला आहेत, त्यामुळे वाहतूक अंगावर येते. सीजे-३बी जीपची एकूण लांबी अकरा फुटांच्या आत आहे. तरी टाकीची लांबी आधी विचारावी. महाड, बिरवाडी, पोलादपूरच्या तीन-चार गॅरेजवाल्यांनी माल एकत्र करून एकच टेम्पो पाठवला तर खर्च वाटला जाईल. परत आलेला माल पावसाळ्यात ओला रचून ठेवू नये, पांढरा गंज धरतो. मध्ये लाकडी पट्ट्या घालून वारा खेळू द्यावा.

माझे स्पष्ट मत असे आहे की कारागिराची बरकत शेवटी त्याच्या बिलावर ठरते. बिलावर नुसते 'गॅल्वनाइज' लिहू नका. 'हॉट डिप, आयएस ४७५९ प्रमाणे', 'झिंक प्लेटिंग' किंवा 'झिंक रंग' असे जे केले तेच लिहा, आणि कोणत्या पार्टला काय केले तेही लिहा. जाडी मोजणारे छोटे यंत्र आज बाजारात मिळते. ग्राहकाने ते कधी ना कधी लावलेच, तर आकडा आपल्या बाजूने बोलला पाहिजे. प्लेटिंग करून हॉट डिपचे पैसे घेणाऱ्याची लबाडी तीन पावसाळ्यांत चॅसीवर लाल अक्षरांत उमटते. ज्याने खरे लिहून दिले, त्याच्याकडे तोच ग्राहक दुसरी गाडी घेऊन येतो.