विश्लेषण : बारावीच्या मानसशास्त्रात ‘दृष्टिकोन’ आणि ‘संशोधन पद्धती’ पाठ करून का भागत नाही? कर्जत-खालापूरसाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

अकरावी-बारावीच्या कला शाखेत मानसशास्त्राकडे ‘गुण मिळवून देणारा’ विषय म्हणून पाहिले जाते. गणित नाही, नकाशे नाहीत, सनावळ्याही फारशा नाहीत. त्यामुळे व्याख्या आणि टिपा पाठ केल्या की पेपर सुटतो, असा सर्रास समज आहे. मात्र मानसशास्त्रातील निरनिराळे दृष्टिकोन आणि संशोधन पद्धती या घटकांवर हा समज टिकत नाही. त्यातच विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) ऑगस्ट २०२५ मध्ये मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवण्याचे निर्देश दिले. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील विद्यार्थ्यांवर त्याचा काय परिणाम होऊ शकतो, याविषयी…

विषयाची रचना काय?

रायगड जिल्हा राज्य शिक्षण मंडळाच्या मुंबई विभागात येतो. नव्या अभ्यासक्रमानुसार ‘बालभारती’ने अकरावीचे मानसशास्त्राचे पुस्तक २०१९ मध्ये आणि बारावीचे २०२० मध्ये आणले. मराठी आणि इंग्रजी या दोन्ही माध्यमांत ते उपलब्ध असून, ई-बालभारतीवरून मोफत उतरवून घेता येते. बारावीला ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचे प्रात्यक्षिक अशी विभागणी आहे. 

बारावीच्या पुस्तकाची सुरुवातच मानसशास्त्र हे शास्त्र कसे, या प्रश्नाने होते आणि शेवट प्रयोगांच्या प्रकरणाने होतो. मधली प्रकरणे बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व, बोधात्मक प्रक्रिया, भावना, मानसिक विकृती आणि सकारात्मक मानसशास्त्राची आहेत. म्हणजे संशोधन हा विषयाचा एक कोपरा नसून पाया आहे. तो कच्चा राहिला, तर मधल्या प्रकरणांत ‘अमुक अभ्यासातून असे दिसले’ असे जे जे येते, ते नुसते पाठांतर ठरते.

‘दृष्टिकोन’ म्हणजे नेमके काय?

माणूस असा का वागतो, या एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे म्हणजे दृष्टिकोन. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली, तेव्हापासून या विषयाला स्वतंत्र शास्त्राचा दर्जा मिळाला, असे मानले जाते. त्यांचे शिष्य टिचनर यांच्या रचनावादाने मनाचे घटक कोणते, हे शोधले. अमेरिकेत विल्यम जेम्स यांनी मन काय काम करते, हे विचारले. तो कार्यवाद. जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये सांगितले की, मन दिसत नाही, वर्तन दिसते. तेव्हा अभ्यास वर्तनाचाच करा. तो वर्तनवाद. फ्रॉइड यांनी अबोध मनावर, तर मॅस्लो आणि रॉजर्स यांनी माणसाच्या विकासक्षमतेवर भर दिला. पुढे बोधात्मक दृष्टिकोनाने स्मृती, विचार आणि भाषा पुन्हा अभ्यासाच्या मध्यभागी आणली.

हा क्रम लक्षात ठेवण्याची सोपी युक्ती म्हणजे प्रत्येक मताने आधीच्या मतातील कोणती उणीव दाखवली, ते पाहणे. वुंट यांच्या परंपरेत व्यक्ती स्वतःच्या अनुभवाचे वर्णन करत असे. ते दुसऱ्याला तपासता येत नव्हते. वॉटसन यांचा आक्षेप नेमका हाच होता. वर्तनवादाने मनातील प्रक्रिया बाजूला ठेवल्या. त्यावर बोधात्मक दृष्टिकोनाने बोट ठेवले. असे वाचले की नावे आणि सन आपोआप जागेवर बसतात.

एकाच प्रसंगाकडे पाच नजरांनी कसे पाहायचे?

समजा, बारावीच्या परीक्षेआधी एका विद्यार्थिनीची झोप उडाली आहे. जैविक दृष्टिकोन तिच्या शरीरातील ताणाची संप्रेरके आणि चेतासंस्था पाहील. वर्तनवाद विचारेल की, आधीच्या परीक्षेत मिळालेली बोलणी आणि परीक्षा यांची सांगड तिच्या मनात बसली आहे का? बोधात्मक दृष्टिकोन ‘नापास झाले तर सगळे संपले’ या विचाराकडे लक्ष देईल. मनोविश्लेषण दडपलेला संघर्ष शोधेल. मानवतावाद विचारेल की, गुणांपलीकडे तिला कोणी स्वीकारते आहे का?

यातील एकच उत्तर बरोबर आणि बाकीची चूक, असे नसते. चांगल्या उत्तरपत्रिकेत दृष्टिकोनाची व्याख्या, उदाहरणाला त्याचा वापर आणि त्याची एक मर्यादा, अशा तीन पायऱ्या दिसतात. नुसती व्याख्या लिहिणारा विद्यार्थी पहिल्याच पायरीवर थांबतो.

संशोधन पद्धतीत घोळ कुठे होतो?

पहिला घोळ सहसंबंध आणि कारण यांत होतो. मोबाइलवर जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांना कमी गुण मिळतात, असे एखाद्या सर्वेक्षणात दिसले, तरी मोबाइलमुळे गुण घटले, हे त्यातून सिद्ध होत नाही. अभ्यासात मागे पडलेली मुले मोबाइलकडे वळत असतील किंवा घरातील तिसऱ्याच कारणामुळे दोन्ही घडत असेल. सर्वेक्षण एवढेच सांगते की, दोन गोष्टी एकत्र आढळतात.

कारण शोधायचे तर प्रयोग लागतो. खोपोली किंवा नेरळहून लोकलने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांना सुचेल असा प्रश्न घेऊ : गाडीच्या गोंगाटात वाचलेले कमी लक्षात राहते का? २० शब्दांची यादी घ्यावी. विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. एका गटाने ती शांत खोलीत वाचावी, दुसऱ्याने लोकलच्या ध्वनिमुद्रित आवाजात. यादी तीच, वेळ तितकाच, दिवसाचा प्रहरही तोच. नंतर किती शब्द आठवले, ते मोजावे. इथे गोंगाट हा स्वाश्रयी चल, म्हणजे संशोधक बदलतो तो घटक. आठवलेले शब्द हा आश्रयी चल, म्हणजे मोजला जाणारा परिणाम. शांत खोलीतला गट हा नियंत्रित गट.

चिठ्ठ्या का टाकायच्या, हा दुसरा घोळ. हुशार मुले आपणहून शांत खोलीत बसली, तर फरक गोंगाटाचा की हुशारीचा, हे कळणार नाही. तिसरा घोळ परिभाषेचा. पाठ्यपुस्तक मराठी, शिकवणीच्या नोट्स वेगळ्या प्रतिशब्दांच्या आणि यूट्यूबवरील व्हिडीओ इंग्रजी किंवा हिंदी. ‘चल’, ‘परिवर्त्य’ आणि ‘व्हेरिएबल’ हे एकच, हे कोणी सांगितले नाही, तर विद्यार्थी एका संकल्पनेला तीन समजतो. प्रत्येक संज्ञेचे मराठी आणि इंग्रजी रूप शेजारी लिहून ठेवलेली वही यावर स्वस्त उपाय आहे.

परदेशातील प्रयोग इथल्या मुलांना लागू होतात का?

हा प्रश्न जगभरातील संशोधकांनीही विचारला आहे. जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिले की, मानसशास्त्राचे बहुतेक निष्कर्ष पाश्चिमात्य, सुशिक्षित आणि सधन समाजातील लोकांवर, त्यातही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर बेतलेले आहेत. त्यांनी आधार घेतलेल्या एका पाहणीनुसार, प्रमुख नियतकालिकांतील अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी ९६ टक्के लोक पाश्चिमात्य औद्योगिक देशांतील होते. जगाच्या लोकसंख्येत या देशांचा वाटा अवघा १२ टक्के. दुसरा धक्का २०१५ मध्ये बसला. मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत लक्षणीय निष्कर्ष होते. पुनरावृत्तीत हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी स्टॅनफर्ड-बिने बुद्धिमापन कसोटीचे मराठी आणि कन्नड भाषक मुलांसाठी रूपांतर केले. ती आजही ‘बिने-कामत’ या नावाने ओळखली जाते. सी. एम. भाटिया यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कसोट्या लिहिता-वाचता न येणाऱ्यांनाही देता येतील, अशा कृतींवर आधारलेल्या होत्या. कर्जत-खालापुरात ठाकर आणि कातकरी वस्त्या मोठ्या संख्येने आहेत. घरची बोली वेगळी असलेल्या मुलाला प्रमाण मराठीतील शाब्दिक कसोटी दिली, तर ती त्याची बुद्धी मोजते की भाषा? ‘कसोटीची विश्वसनीयता आणि वैधता’ ही रुक्ष वाटणारी टीप या प्रश्नाने जिवंत होते.

इर्शाळवाडी आणि संशोधनाची नीती यांचा काय संबंध?

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोधमोहीम थांबवण्यात आली. अशा घटनेनंतर वाचलेल्यांच्या मनावर काय परिणाम होतो, हे समजणे गरजेचे असते. पण दुःखात बुडालेल्या माणसापुढे प्रश्नावली ठेवणे योग्य आहे का? त्याने दिलेली संमती खरोखर मोकळेपणाने दिलेली असते का, की मदत थांबेल या भीतीपोटी?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत आपत्तीच्या काळातील संशोधनावर स्वतंत्र प्रकरण आहे. माहितीपूर्ण संमती, गोपनीयता आणि केव्हाही माघार घेण्याचा हक्क ही त्यातील मूळ सूत्रे. पाठ्यपुस्तकांत वॉटसन यांचा १९२० चा ‘लिटल अल्बर्ट’ प्रयोग किंवा स्टॅन्ली मिलग्रम यांचा १९६३ चा आज्ञापालनाचा अभ्यास नैतिक आक्षेपांसाठी शिकवला जातो. आपल्याच तालुक्याच्या उदाहरणावर तो विचार करून पाहिला, तर ‘नीतितत्त्वे लिहा’ या प्रश्नाचे उत्तर पाठ करावे लागत नाही. मात्र वर्गात त्या वाडीतील किंवा नात्यातील मूल बसलेले असू शकते, याचे भान शिक्षकांनी ठेवायला हवे.

परीक्षेची तयारी कशी करावी?

याचे उत्तर मानसशास्त्रातच आहे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटले : आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के, तर पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के मजकूर आठवला. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा तंत्रांचा आढावा घेतला. त्यात स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांत विभागणे ही दोन तंत्रे सर्वांत उपयुक्त ठरली. ओळी रंगवणे आणि तेच तेच वाचणे तळाला राहिले.

म्हणजे धडा वाचल्यावर पुस्तक मिटून पाच मुद्दे लिहावेत. तेच तीन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने करावे. दृष्टिकोनांसाठी एकच प्रसंग घेऊन तो पाच प्रकारे समजावून सांगावा. संशोधन पद्धतीसाठी रोजची एखादी बातमी घेऊन विचारावे : हा प्रयोग आहे की सर्वेक्षण? किती लोकांवर? कारण सिद्ध झाले की नुसता सहसंबंध? शिक्षकांनाही यासाठी महागडी साधने लागत नाहीत. शब्दांच्या याद्या, घड्याळ आणि वही पुरते.

बारावीनंतरचा रस्ता अवघड का झाला?

यूजीसीच्या निर्देशांनुसार जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह राष्ट्रीय संबद्ध आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, २०२१ च्या कक्षेतील विषयांना दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देता येणार नाहीत. अनेक विषयांच्या बीएसारख्या पदवीत फक्त हे विशेष विषय वगळले जातील. कारण स्पष्ट आहे : माणसांच्या मनाशी संबंधित काम प्रत्यक्ष सरावाशिवाय शिकता येत नाही.

हेतू रास्त असला तरी त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. कर्जत हे सीएसएमटीपासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. कर्जत-खोपोली हा एकेरी मार्ग असून त्यावर गाड्या मोजक्याच धावतात. वाडीवरून स्थानकापर्यंत यायलाच वेळ आणि पैसा लागतो. नोकरी किंवा घरकाम सांभाळून शिकणाऱ्यांसाठी ‘इग्नू’सारख्या संस्थांचे अभ्यासक्रम हा पर्याय होता. आता मानसशास्त्रात पुढे जायचे तर नियमित महाविद्यालय गाठावे लागेल. त्यामुळे बारावीला हा विषय निवडतानाच पदवीला तो जवळच्या कोणत्या महाविद्यालयात आहे, याची चौकशी केलेली बरी.

आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. बीए किंवा एमए झाल्याने कोणी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय हे काम करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मनुष्यबळाची गरज मात्र मोठी आहे. ‘निम्हान्स’ने १२ राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार होते आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर होते. कर्जतजवळच डॉ. भरत वाटवानी यांच्या ‘श्रद्धा’ संस्थेचे केंद्र रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवते. या कामासाठी त्यांना २०१८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेथील रुग्णाला औषध लागते, आपुलकी लागते आणि त्याला परत घेणारे कुटुंबही लागते. एका दृष्टिकोनाने भागत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण तालुक्यातील विद्यार्थ्याला शोधावे लागणार नाही. उद्या अशा ठिकाणी काम करणारी मुले याच दोन तालुक्यांतून यायची असतील, तर बारावीच्या वर्गात व्याख्यांच्या पुढे जावे लागेल आणि पदवीच्या वर्गापर्यंत पोहोचण्याची सोयही करावी लागेल.