आपलं ते पथ्य, त्यांचा तो कट्टरपणा!

परदेशी निघालेल्या मराठी माणसाची बॅग आठवा. मेतकूट, भाजणी, चिवडा, गोडा मसाला आणि कपड्यांत गुंडाळलेला छोटा कुकर. ग्रुप टूरवाले तर 'रोज भारतीय जेवण' असं ठळक अक्षरांत छापतात. हे सगळं आपल्याला घरगुती, प्रेमळ वगैरे वाटतं. पण ऑनसाइटला गेलेल्या मुसलमान सहकाऱ्याने "हे हलाल आहे का?" असं नुसतं विचारलं, की लगेच शेरा: "हे लोक कुठेही गेले तरी बदलायचे नाहीत!"

का हो?

विंचूरचा माझा एक शाळासोबती प्रोजेक्टसाठी जपानला होता. तिथे रामेनचा रस्सा बऱ्याच ठिकाणी डुकराच्या हाडांचा. मिरिन, म्हणजे स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू, कितीतरी पदार्थांत. चिकन घ्यावं तर ते कुठल्या तेलात तळलंय, कुणास ठाऊक! मेनूकार्डावर यातलं काही नसतं. पठ्ठ्याने मासे आणि अंड्यांवर दिवस काढले. त्याच टीममधला शाकाहारी मित्र केळी आणि दह्यावर. एकाला सहानुभूती, दुसऱ्याला लेक्चर!

आता आपलं बघा. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सच्या फ्राइजमध्ये बीफचा अंश असल्याचं कळल्यावर हिंदू आणि शाकाहारी ग्राहक कोर्टात गेले. २००२ मध्ये कंपनीने माफी मागून १ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. जुलै २०१८ मध्ये एमिरेट्सने विमानातलं 'हिंदू मील' बंद करतोय म्हणून जाहीर केलं. ओरडा झाला आणि लगेच निर्णय मागे. लोक भांडले ते बरोबरच. ताटात काय आहे हे कळणं हा हक्कच आहे. मग तो फक्त आपल्यापुरता कसा?

"पण हलाल आमच्यावर लादतात, त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. झटका मागणाऱ्या शीख माणसाचाही तेवढाच हक्क. पण त्यावर उपाय म्हणजे स्पष्ट लिहिणं. पदार्थात काय आहे, मांस कसलं आहे ते सांगा, मग ज्याचं त्याने ठरवावं. टिंगल करून कुणाचाच प्रश्न सुटत नाही.

आमच्या विंचूरला कांद्याचा बाजार आहे आणि वाईन पार्कही. नाशिकचा कांदा आखातात, मलेशियात जातो, तिथल्या हलाल रश्श्यात शिजतो. ते पैसे घेताना कुणाला काही खटकत नाही.

तेव्हा पुढच्या टीम डिनरच्या आधी हॉटेलला एक फोन जास्त करा. चौकशी त्या एकट्यालाच वेटरसमोर करायला लावू नका. एवढं तर जमेल ना?